प्लेसमेंटच्या यादीत न दिसणारं करिअर : कंपायलर

बारावीचा किंवा डिप्लोमाचा निकाल लागला की कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या घराघरांत हल्ली एकच काळजी असते. मुलाला कॉम्प्युटरला घालायचं खरं, पण उद्या एआयनं नोकऱ्याच खाल्ल्या तर? अशी धास्ती असलेल्या पालकांनी कंपायलर हा विषय जरूर समजून घ्यावा. एआय ज्या चिपांवर चालतं, त्यांना कामाला लावायला कंपायलरच लागतो.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत मशिनवर सुटे भाग काढणारे पुष्कळ आहेत, पण ती मशिन घडवणारे थोडे. सॉफ्टवेअरच्या जगात कंपायलर इंजिनिअर असाच थोड्यांतला. मुलं सी++मध्ये लिहितात तो प्रोग्रॅम प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये उतरवायचा, अर्थ तसूभरही न बदलता आणि जमेल तितका वेगवान करून, हे त्याचं काम.

एकपासून हव्या त्या संख्येपर्यंत बेरीज करणारा साधा लूप लिहा आणि क्लँग कंपायलरला ‘ओ2’ या वेग वाढवणाऱ्या पर्यायासह द्या. बाहेर पडलेल्या असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञांच्या यादीत, बेरजेचा लूप सापडतच नाही, गुणाकाराच्या आधारानं थेट उत्तर काढलेलं दिसतं. दहावीच्या अंकगणित श्रेढीतलं सूत्रच त्यानं स्वतःहून लावलेलं असतं! ‘कंपायलर एक्सप्लोरर’ या मोफत वेबसाइटवर हे पाच मिनिटांत बघता येतं. ‘हे त्याला कळलं कसं?’ या प्रश्नाचा जो मुलगा किंवा मुलगी पिच्छा सोडत नाही, त्यांना या वाटेनं जाऊ द्या.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. मुंबई आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे आणि त्यांचे विद्यार्थी प्रा. उदय खेडकर यांनी कंपायलरमधल्या संशोधनाची परंपराच उभी केली. पुण्याच्या केपीआयटीनं रेनेसास कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी जीएनयू कंपायलरचा संच वर्षानुवर्षं मोफत दिला. आज जगभर वापरला जाणारा एलएलव्हीएम हा कंपायलर प्रकल्प 2000 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला. ख्रिस लॅटनर हे विद्यार्थी आणि विक्रम अडवे हे त्यांचे मार्गदर्शक. अडवे यांची इंजिनिअरिंगची पदवी मुंबई आयआयटीची.

नव्या इंजिनिअरला सुरुवातीला काय काम मिळतं, हेही सांगायला हवं. कालपर्यंत बरोबर चालणारा प्रोग्रॅम कंपायलरच्या नव्या आवृत्तीत चुकीचं उत्तर देतो. हजारो ओळींचा तो प्रोग्रॅम छाटत छाटत दहा-बारा ओळींवर आणायचा, कुठल्या बदलानं घोळ झाला ते शोधायचं, दुरुस्ती करायची आणि तोच दोष पुन्हा शिरू नये म्हणून टेस्ट जोडायची. यात दिवसच्या दिवस जातात. चिकाटी नसेल तर हे काम नको.

जागा कमी आहेत, आणि बहुतेक पुणे, बंगळूर, हैदराबादला. एन्व्हिडिया, एएमडी, इंटेल, क्वालकॉम अशा चिप कंपन्यांना ही माणसं लागतात, पण अनेक जागांना एमटेक झालेले उमेदवार पसंत असतात. म्हणून एमटेक प्रवेशासाठीची गेट परीक्षा गांभीर्यानं घ्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते, आणि कंपायलर डिझाइन तिच्या अभ्यासक्रमातच आहे.

कॉलेज मोठं नाही म्हणून मात्र खचू नका. एलएलव्हीएम आणि जीएनयूचा जीसीसी हे खुले (ओपन सोर्स) प्रकल्प आहेत. एलएलव्हीएमच्या गिटहबवर नवख्यांसाठी सोप्या दुरुस्त्या वेगळ्या खुणेनं दाखवलेल्या असतात. तिथे तपासून स्वीकारला गेलेला एक छोटा बदल बायोडेटात दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त वजनदार ठरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. महागड्या क्लासच्या फीऐवजी मुलाला चांगला लॅपटॉप आणि दोन वर्षांची शांतता द्या. त्या काळात त्यानं सी++, डेटा स्ट्रक्चर आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर पक्कं करावं आणि स्वतःची एक छोटी भाषा चालवून बघावी. कंपायलरमध्ये जागा नाहीच मिळाली, तरी एम्बेडेड आणि डिव्हाइस ड्रायव्हरच्या मुलाखतींत नेमकं हेच विचारतात.