वेबस्पिनरची प्रजाती ठरवताना : नारायण पेठेतील निरीक्षकांसाठी

काय करावे

• वाड्यांच्या आवारातील आणि नदीपात्राकडेच्या जुन्या झाडांचे खोड तपासा. खडबडीत सालीवरचे शेवाळ व दगडफूल हे वेबस्पिनर या रेशीम विणणाऱ्या कीटकांचे खाद्य.
• खासगी आवारात आधी परवानगी घ्या.
• पुढच्या पायाच्या पंजाचे पहिले पेर फुगलेले आहे का पाहा. रेशीमग्रंथी तिथेच असतात, पिल्लांतही.
• पंजाची पेरे मोजा. ती तीनच हवीत.
• प्रौढ नर मिळवा. बाकी सारे त्यानंतर.
• नर नसेल तर पिल्ले सालीसकट बरणीत वाढवा, साल किंचित ओलसर ठेवा आणि थांबा.
• रात्री दिव्यावर येणारे पंखवाले नरही गोळा करा.
• नराच्या पोटाचे टोक डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळे रेखाटा. दोन्ही बाजू सारख्या नसतात, ओळख तिथेच पटते.
• डाव्या पुच्छ-उपांगाचे बुडाचे पेर पाहा. ऑलिगोटोमा वंशात ते गुळगुळीत असते, एम्बिया वंशात त्यावर आतून बारीक खुंट असतात.
• पंखातील आर ४+५ शीर तपासा. तिला फाटा असेल तर कीटक ऑलिगोटोमा नव्हे.
• नमुना ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा.
• ठिकाण, झाड, तारीख व संकलकाचे नाव पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलात पसरते.
• शंका उरली तर आकुर्डीतील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात विचारा.

काय टाळावे

• मादीवरून किंवा पिल्लावरून प्रजातीचे नाव देऊ नका, कितीही मोह झाला तरी.
• पंख नाहीत म्हणजे मादीच, असे धरू नका. माद्या सगळ्याच बिनपंखी, पण काही जातींचे नरही तसेच असतात.
• खोडावरचे प्रत्येक रेशीम वेबस्पिनरचे मानू नका. आर्किप्सोकस हे सोसिड कीटकही खोडभर जाळे विणतात.
• केवळ फोटोवरून प्रजाती लिहू नका. तेवढ्यावर ‘गण एम्बायोप्टेरा’ अशीच नोंद करा.
• जुन्या यादीतले नाव तसेच उतरवू नका. वेस्टवुड यांनी १८३७मध्ये मांडलेल्या ऑलिगोटोमा वंशात एकेकाळी गणलेली सिलोनिका ही जात आता अपोस्थोनिया वंशात आहे.
• सगळे जाळे खरवडू नका. आत मादी अंडी राखत बसलेली असते.
• जाळे दिसले म्हणून खोडावर औषध फवारू नका, शेजाऱ्यांनाही फवारू देऊ नका; जित्या झाडाला हे कीटक इजा करत नाहीत.