फी माफ झाली, पुढचं काय?

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलच्या यादीत ‘एकल पालकांसाठी’ अशा नावाची शिष्यवृत्ती शोधत बसू नका, वेळ जाईल. तिथे पैसे मिळतात ते मुख्यतः जात, उत्पन्न आणि मुलगी असणं अशा आधारांवर. घर एकट्याने चालवता म्हणून जी मदत मिळते ती दुसऱ्या कार्यालयांतून येते आणि तिचा मोठा भाग मुलांच्या नावाने असतो. म्हणून बुलडाणा जिल्ह्यातल्या एकट्या आईने वा बापाने शिकायचं ठरवलं, तर फी एका दारातून आणि घरखर्च दुसऱ्या दारातून, अशी जुळणी स्वतःच करावी लागते.

आधी फी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. विवाहित, विधवा, घटस्फोटित बाईही यात ‘मुलगी’च. अट मोठी आहे ती प्रवेशाची. तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या की चिखलीचं अनुराधा अभियांत्रिकी, व्यवस्थापन कोट्यातून आत गेलात तर माफी विसरा. शिवाय माफी या दोन शुल्कांपुरतीच आहे. विकास शुल्क, पुस्तकं, मेस, खोली खिशातूनच. एकट्या बापाला, तो आर्थिकदृष्ट्या मागास असेल तर, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. फी सुटते, पण निर्वाहभत्त्यावर घर चालेल असं समजू नका. 2021 च्या दरांनुसार साध्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला 3,000 रुपये. वर्षाला, महिन्याला नव्हे. त्यापेक्षा स्वाधार योजना कामाची. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये मिळतात: भोजनाचे 25,000, निवासाचे 12,000 आणि निर्वाहाचे 6,000. पण तुम्ही त्याच शहरातल्या रहिवासी असाल तर मिळत नाहीत. निवासाचे 12,000 म्हणजे महिन्याला 1,000. दोन लेकरं घेऊन राहणाऱ्या बाईला एवढ्यात खोली कुठे मिळणार, हा विचार ही योजना आखताना कुणाच्या डोक्यात नसावा.

आता घर. इथे सर्वांत उपयोगाची योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन. एक पालक गमावलेल्या किंवा एकट्या पालकाकडे असलेल्या 18 वर्षांपर्यंतच्या मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये. आधी ही रक्कम 1,100 होती. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. बापालाही मागता येते. दोन मुलं असली तर 4,500 रुपये होतात, पण ते दर महिन्याला न चुकता येत नाहीत. थकतात, मग एकदम जमा होतात. त्यांच्या भरवशावर खोलीभाडं ठरवू नका. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व महिन्याला 4,000 आहे. उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72,000, शहरात 96,000. एका मुलासाठी दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा मर्यादेत बसत असाल तर आधी हे मागा.

स्वतःच्या नावावर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 मिळू शकतात, विधवांना तसंच पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटितांना. मात्र उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत हवं, म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. लाडकी बहीण योजनेचे 1,500 आणि हे एकत्र चालत नाहीत.

खरी गाडी अडते ती कागदांवर. लग्न झालेल्या बाईचा जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या जातीवरून निघतो, त्यामुळे वडिलांकडची जुनी कागदपत्रं लागतात. नॉन-क्रीमीलेअरलाही आईवडिलांची स्थिती बघतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत ठेवा. माहेरी परतलेल्या बाईचं नाव भावाच्या रेशनकार्डात असलं की त्याचं उत्पन्न तिच्या दाखल्यावर चढतं. वेगळं कार्ड आधी काढा. मध्ये शिक्षण सुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. जात, उत्पन्न, रहिवासाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा मुद्रांक 2025 मध्ये माफ झाला आहे. तरी बाहेरचा दलाल तो विकायला बघेल. सेतू केंद्रातला दरफलक वाचा आणि पावती घ्या.

सगळ्यांत अवघड नवऱ्याने सोडून दिलेलीचं. ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा हुकूमनामा. तिने बुलडाण्याच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न पाहत नाहीत. फोन 15100. पोटगीचा अर्ज दाखल झाला की निदान न्यायालयाचा एक कागद हातात येतो, आणि पुढच्या खिडकीवर दाखवायला काहीतरी असतं.

प्रवासात एक चूक सर्रास होते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून पास काढायचं राहून जातं. विद्यार्थी पासात 66.67 टक्के सूट आहे, म्हणजे एक तृतीयांशच भाडं. संग्रामपूर किंवा लोणारहून रोज जाणाऱ्यांनी हा फरक महिनाभराचा मांडून पाहावा. कॉलेजच्या बोनाफाइडवर पास निघतो.

नोकरी सांभाळून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथे कॅप नाही, त्यामुळे मुलींची ती फीमाफीही नाही, पण रोजची हजेरी आणि एसटी वाचते. लहान मूल असलेल्या आईला माझा कल याच बाजूला.

कर्ज शेवटी. साडेसात लाखांपर्यंत बँकेने तारण मागू नये, अशी केंद्राची हमी योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था पात्र असतील, तर शिक्षण चालू असताना आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र भरतं. पण ही सवलत बँकेने पोर्टलवर दावा केला तरच मिळते. मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी शाखा व्यवस्थापकाला हा दावा कोण आणि कधी टाकणार, ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.