नैरोबीचे रान आणि नान्नजचा माळ

भूगोलाच्या तासास आफ्रिका खंड निघाला की सिंहाचे नाव निघाल्यावाचून राहत नाही, आणि कोणीतरी विचारतेच, "सर, सिंह मोकळे फिरताना पाहावयाचे तर जावे कोठे?" ह्या अंकात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

बहुतेक प्रवासी प्रथम नैरोबीस जातात. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाची ही राजधानी होय. मसाई मारा, किलिमांजारो पर्वताच्या समोर पसरलेले अंबोसेली, अशा प्रसिद्ध रानांच्या वाटा येथूनच फुटतात. म्हणून ह्या शहरास सफारीचे महाद्वार म्हणावयास हरकत नाही. 'सफारी' हा शब्द परका वाटला तरी आपल्या नात्यातला आहे. स्वाहिली भाषेने तो अरबीतून घेतला, आणि आपल्या 'सफर' ह्या शब्दाचे मूळही तेच.

नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या सव्वा अंशावर आहे. ह्यावरून तेथे सोलापुराहून अधिक उकाडा असेल, असे मुले चटकन् सांगतात. परंतु ते खरे नव्हे. शहर सुमारे 1,700 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच वसले आहे, म्हणून हवा सुखकर असते. नैरोबी हे नावच मुळी मसाई लोकांच्या भाषेतील 'थंड पाणी' ह्या अर्थाच्या शब्दांवरून पडले. जाणाऱ्याने निदान 10 दिवस आधी पीतज्वराची लस टोचून घ्यावी व तिचा दाखला जवळ बाळगावा. स्वदेशी परतताना तो पाहिला जातो.

सोलापुरास आगगाडी 1860 साली आली, तेव्हा आपले शहर जुनेच होते. नैरोबीची गोष्ट उलट आहे. तेथे आगगाडी आधी आणि शहर मागाहून. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घालण्याचे काम इंग्रजांनी 1896 साली आरंभिले. 1899 साली रूळ एका दलदलीच्या माळापर्यंत पोहोचले, तेथे सामानाचा तळ पडला, आणि त्या तळाचेच पुढे नैरोबी झाले. 1901 साली मार्ग सरोवरास भिडला. हे काम करण्यास तत्कालीन हिंदुस्थानातून, विशेषतः पंजाबातून, 30 हजारांवर मजूर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार रोगराईने व अपघातांनी तेथेच मरण पावले. 1898 साली त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनी कित्येकांस भक्ष्य केले. जे मागे राहिले त्यांच्या व त्यांच्या मागून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या खुणा आजही तेथील बोलीत सापडतात: गाडीला तेथे 'गारी' म्हणतात, पैशाला 'पेसा', आणि चपातीला चपातीच.

ह्या शहराचे खरे नवल त्याच्या वेशीवर आहे. शहराच्या मध्यापासून सुमारे 7 किलोमीटरांवर 117 चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते 1946 साली स्थापन झाले. सिंह, गेंडा, जिराफ तेथे मोकळे वावरतात आणि त्यांच्या पाठीमागे उंच इमारती दिसतात. दक्षिणेची बाजू कुंपणाविना ठेविली आहे, कारण चाऱ्यापाण्यासाठी कळपांस बाहेर जावे लागते. मात्र हे सर्व फुकट मिळालेले नाही. उद्यानासाठी मसाई गुराख्यांस आपली कुरणे सोडावी लागली. आणि 2019 साली ह्याच रानावरून उंच पुलावरून नवी आगगाडी धावू लागली, तेव्हा तिच्याविषयी मोठा वाद झाला होता. शहर वाढावे आणि रानही राहावे, हा झगडा तेथे आजही चालू आहे.

आता, बालमित्रहो, दृष्टी घराकडे वळवू. सोलापूरही एका रानाचे द्वार आहे, हे तुमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? येथून बार्शीच्या रस्त्याने सुमारे 20 किलोमीटर गेले की नान्नजचा गवताळ माळ लागतो. तेथे काळविटांचे कळप आहेत, लांडगा आहे, खोकड आहे. ह्या माळाचे मुख्य वैभव म्हणजे माळढोक पक्षी. तो सुमारे मीटरभर उंच असतो व नराचे वजन 15 किलोग्रॅमपर्यंत भरते. त्याच्यासाठी 1979 साली येथे अभयारण्य झाले. कागदावर त्याचा विस्तार 8,496 चौरस किलोमीटर होता. त्यात गावेच्या गावे व शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडून शेतकरी त्रासले, आणि पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. इकडे माळढोकाची मादी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते; कुत्री, गुरे व माणसे ह्यांच्या वर्दळीत ते टिकत नाही. जड शरीर व समोरचे नीट न दिसणारी दृष्टी ह्यांमुळे पक्षी विजेच्या तारांवर आपटून मरतात. आज साऱ्या जगात माळढोक दीडशेच्या आसपासच उरले असून बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला तो दिसणे आता अत्यंत दुर्मीळ झाले आहे.

हे असे का झाले? आमच्या मते एक कारण आपल्या बोलण्यात आहे. झाडे असली तर आपण 'रान' म्हणतो. नुसते गवत असले तर 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटले की तेथे काहीही करण्यास मन मोकळे होते. पण मसाई मारा हाही बव्हंशी गवताचाच माळ आहे, आणि तो पाहण्यास लोक समुद्र ओलांडून जातात. ज्या पित्याने चिमणीचीही गणना केली, त्याच्या हिशेबी कुसळीचा माळ पडीक असेल काय?

पालकांस आमची विनंती आहे की, येत्या हिवाळ्यात एका सकाळी मुलांस वनखात्याच्या परवानगीने नान्नजला न्यावे. मोठ्याने बोलू नये, गवतात शिरू नये, शेतकरी भेटल्यास त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे. माळढोक न दिसला तरी काळवीट दिसतील, आणि न दिसलेल्या पक्ष्याची रिकामी जागाही मुलांनी पाहिली पाहिजे. नैरोबीची सफर पुढे ज्याच्या नशिबी असेल तो करील. ही सफर मात्र सर्वांस साधण्याजोगी आहे.