पदवी आणि नोकरी यांच्यामधली पायरी

महाविद्यालयात शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्याविषयी आपण बोलतो, ते बहुधा त्याच्या शिक्षणाविषयी. शिष्यवृत्ती, परीक्षेतील लेखनिक, तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ या सवलती आता पुष्कळांना ठाऊक आहेत. पण पदवीचा निकाल लागल्यावर त्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात याच टप्प्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. हे प्रमाण लोकसंख्येच्या २.२१ टक्के होते. त्यांतील सुमारे ५५ टक्के साक्षर आणि सुमारे ३६ टक्के काम करणारे होते. स्त्रियांत काम करणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होते. एकंदर लोकसंख्येत काम करणारे सुमारे ४० टक्के होते. म्हणजे फरक थोडाच, असे कोणास वाटेल. परंतु जनगणनेच्या व्याख्येत वर्षातून थोडे दिवस मजुरी करणाराही ‘काम करणारा’ ठरतो. पदवी घेतलेल्याला पदवीजोगे काम मिळाले की नाही, हे या आकड्यावरून मुळीच कळत नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आकडा वाचताना त्यात काय धरले आहे, हे आधी पाहावे, ते याचसाठी.

कायदा काय देतो?

१९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आहेत. योग्य उमेदवार न मिळाल्यास ती जागा पुढील भरतीच्या वर्षात न्यावी लागते.

पण आरक्षणाहूनही महत्त्वाची एक कल्पना या कायद्यात आहे. ती म्हणजे ‘वाजवी सोय’. अपंग माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून, अवाजवी भार न पडता जे बदल करता येतात, ते करणे म्हणजे वाजवी सोय. ही मेहेरबानी नव्हे. सरकारी कार्यालयांत तर ते कर्तव्यच आहे.

दोन उदाहरणे

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. दादरची कमला मेहता अंधशाळा, मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुढे दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असे त्यांचे शिक्षण झाले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या. भारतीय रेल्वे लेखा सेवा त्यांच्या वाट्याला आली. पण पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून नेमणूक नाकारण्यात आली. २०१६ च्या परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला, प्रशासकीय सेवेत प्रवेश केला आणि २०१९ साली तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे घेतली.

येथे नीट पाहावयास हवे. शिक्षण पुरे झाले होते, देशातली अवघड परीक्षाही पार पडली होती. अडले ते त्यापुढच्या पायरीवर. हिशेबाचे काम डोळ्यांनीच होते, या समजुतीपाशी. आणि सर्वांनाच पुन्हा परीक्षा देऊन १२४ वे येता येत नाही. व्यवस्था अशी हवी, की सामान्य गुणवत्तेच्या अपंग विद्यार्थ्यालाही सामान्य नोकरी मिळावी.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. मध्य प्रदेशाच्या न्यायिक सेवा नियमांत दृष्टिहीन उमेदवारांना वगळणारा एक नियम होता. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द केला. केवळ अपंगत्वामुळे कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

सोय म्हणजे नेमके काय?

दृष्टिहीन माणूस संगणकावर काम करतो ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी प्रणाली विनामूल्य मिळते. मात्र तिला मजकूर युनिकोडमध्ये लागतो. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकात अक्षर दिसते देवनागरी, पण संगणकात साठते रोमन. त्यामुळे प्रणाली निरर्थक काहीतरी वाचते. कागदाचे नुसते छायाचित्र पाठवले, तर तिला वाचण्यासारखे काही उरतच नाही. म्हणजे टंक बदलणे ही एक वाजवी सोय झाली, आणि तिला खर्च येत नाही.

आमच्या बुऱ्हाणपुरात वाणिज्य पदवीधराला काम मिळते ते यंत्रमागाच्या पेढ्यांवर, सूत व केळीच्या व्यापाऱ्यांकडे, सनदी लेखापालांकडे किंवा बँकेत. काम वह्यांचे आणि बिलांचे. ते बसून होते. पण कचेरी पहिल्या मजल्यावर आणि जिना अरुंद असेल, तर चाकाच्या खुर्चीवरचा पदवीधर मुलाखतीलाही पोहोचत नाही. त्याची हिशेबवही खाली एका टेबलावर ठेवली, तर पेढीचे काय बिघडेल? बहिऱ्या लेखनिकाला तोंडी निरोपाऐवजी चिठ्ठी दिली, तर किती वेळ जाईल? मालकाने या ‘खर्चा’चा हिशेब एकदा खरोखर मांडून पाहावा.

नोकरी नसेल तर काम उभे करणे हाही एक मार्ग आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणीच पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीवर आल्या. केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी करीत असताना, १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. शाळा आणि वसतिगृहापाशी न थांबता संस्थेने सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ येथे काजूप्रक्रियेचा उद्योग काढला. कन्नड वाचकांना बंगळूरची ‘समर्थनम्’ संस्था परिचित असेल. १९९७ साली ती दोन दृष्टिहीन मित्रांनी स्थापन केली. स्वयंरोजगारासाठी कर्ज देणारे राष्ट्रीय वित्त महामंडळही १९९७ चेच.

महाविद्यालयाने काय करावे?

माझ्या मते चार गोष्टी सहज शक्य आहेत. पहिली, प्रवेशाच्या वर्षीच विद्यार्थ्याचे अपंगत्वाचे ओळखपत्र आहे की नाही ते पाहावे. अंतिम वर्षात धावपळ केली तर भरतीची तारीख निघून जाते. दुसरी, सर्व सूचना आणि टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. तिसरी, दुसऱ्या वर्षाच्या सुटीत गावातल्या एखाद्या पेढीवर महिनाभर प्रत्यक्ष काम मिळवून द्यावे, म्हणजे मालकाची भीती आणि विद्यार्थ्याचा संकोच दोन्ही ओसरतील. चौथी, एका प्राध्यापकाकडे ही जबाबदारी सोपवावी आणि त्यांनी निकालानंतरही वर्षभर त्या विद्यार्थ्याची चौकशी ठेवावी. दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र जबलपूरला आहे. बुऱ्हाणपूरहून इटारसीमार्गे तेथे जाणे प्रत्येकाला जमणारे नाही, म्हणून पत्रव्यवहार तरी महाविद्यालयाने करावा.

आपण विद्यार्थीही एक करू शकतो. वर्गातल्या अशा मित्राला ‘तुला काय जमत नाही?’ असे विचारण्याऐवजी ‘तुला काम करायला काय लागेल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळून कोणालाच काही करता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा एखादे टेबल, एखादा उतार किंवा एखादा टंक एवढेच असते.