घाई नको, बाळा

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, खोली छान आहे, पण घरमालकीण खडूस वाटते." किती वेळ भेटलीस तिला? पाच मिनिटं. बेंगळूरला बनशंकरीत सेकंड स्टेजला मला तेवीस वर्षं झाली, आणि अशी पाच मिनिटांत ठरवलेली मतं मागे घेण्यात त्यातली पहिली दोन गेली. सामान बांधता बांधता एवढं वाचून घे.

१. माणूस कसं आहे हे ठरवण्याआधी आपण कोणत्या वेळी गेलो होतो ते आठव — भर दुपारी दोनला कडी वाजवली, तर अन्नपूर्णासुद्धा डोळे चोळतच दार उघडेल.

२. तीच घरमालकीण जिन्यात "ऊट आयता?" म्हणेल, म्हणजे "जेवण झालं?" ती तुला जेवायला बोलावत नाही की तुझ्या डब्यात डोकावत नाही, आपलं "काय, बरं आहे ना?" तसंच ते. "आयतु, निम्मदु?" (झालं, तुमचं?) एवढं म्हण — उलट विचारलं की पुढच्या वेळी तीच थांबून बोलते.

३. कुणी मान डावी-उजवीकडे डोलावली तर "नाही" समजून परत फिरू नकोस — इथं बहुतेक वेळा ते "हो"च असतं.

४. शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ विचारून घे. माझ्या प्रत्येक "काय?"ला कोपऱ्यावरचा म्हातारा दुकानदार नारळ पुढे करायचा, आणि हा गळ्यात माल मारतोय म्हणून मी महिनाभर त्याच्यावर रागावलेली — कन्नडमध्ये 'कायि' म्हणजे नारळच, बिचारा मी मागेन ते देत होता.

५. बसमधला कंडक्टर सुटे नाहीत म्हणून तिकिटाच्या मागे आकडा लिहून देईल. पैसे बुडाले म्हणून भांडू नकोस, उतरायच्या दोन थांबे आधी तेच तिकीट दाखव — तोवर त्याच्याकडे चिल्लर जमलेली असते.

६. दर्शिनीत, म्हणजे इथल्या छोट्या उपाहारगृहात, इडली उभ्यानंच खायची, तेव्हा शेजारी कोण आहे ते कपड्यांवरून ठरवू नकोस. एकदा माझ्या बाजूला विरलेला पंचा नेसलेले एक आजोबा होते. कॉफी निवेपर्यंत त्यांनी हात पुसायच्या कागदाला घड्या घातल्या आणि उपग्रहाचे सौर पंख रॉकेटमध्ये असे मिटून बसतात, वर गेल्यावर असे उघडतात, ते उलगडून दाखवलं — इस्रो लेआउट इथून जवळ आहे, आयुष्यभर तेच काम केलेली माणसं सकाळी इथंच इडली खातात. फोडणीच्या वासावर आमटीला नावं ठेवू नयेत, म्हणतात ना. म्हणत नसतील तर आजपासून मी म्हणते.

७. आता देवळाचं, आणि हे नीट ऐक. कनकपुरा रस्त्यावरचं बनशंकरी अम्माचं देऊळ 1915 चं. मी पहिल्यांदा गेले त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजले होते, म्हणजे ऐन राहुकाळ. आपल्याकडे त्या वेळात कुणी नवं काम काढत नाही, आणि इथं बायकांची ही रांग! मनात आलं, या लोकांना काही कळत नाही. पुढच्या बाईनं माझा चेहरा वाचला असावा. तिनं पिशवीतून अर्धं लिंबू काढलं, रस पिळला, साल मोजा उलटा करावा तसं उलटं केलं, झालेल्या वाटीत तूप घालून वात ठेवली आणि ती माझ्याच हातात दिली. राहूची पीडा ज्या घटकेला, त्याच घटकेला आईनं ती निवारावी, म्हणून त्या मुद्दाम तेव्हा येतात — आपण टाळतो ती वेळ त्या साधतात, आणि भीती दोघींची एकच.

राहुकाळ काढायचा तर उजेडाच्या वेळेचे आठ भाग करायचे, त्यातला दीड तासाचा एक राहूचा. शुक्रवारी साडेदहा ते बारा, मंगळवारी तीन ते साडेचार, रविवारी साडेचार ते सहा. शिवाय ही देवी काही परकी नव्हे. तिचं मूळ ठाणं बदामीजवळ, तीच शाकंभरी, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी. पौषात अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत आजी जिचं नवरात्र बसवायची, तिच्याच दारात उभी राहून मी नाक मुरडत होते!

८. इथल्या जुन्या मराठी घरांत बोलणं कन्नडच्या चालीवर जातं. ते सुधारायला जाऊ नकोस — 1638 मध्ये आदिलशाहीनं बेंगळूर घेतलं, ते शहाजीराजांकडे आलं, तेव्हापासून इथं मराठी बोललं जातंय. तुझी पुण्याची मराठी इथं पाहुणी आहे.

९. गोड बोलणाऱ्यालाही हाच नियम लाव. इथं दहा-दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची जुनी रीत आहे, तेव्हा रक्कम आणि परत मिळायच्या अटी कागदावर घे — मला "तुम्ही तर बहिणीसारख्या" म्हणणाऱ्यानंच माझे पैसे वर्षभर अडकवले होते, आणि ज्याला मी तुसडा म्हणायचे, त्या शेजाऱ्यानं माझ्याबरोबर चार फेऱ्या मारून ते सोडवले.

१०. एखाद्याचा राग आलाच तर त्या रात्री आईला फोन करून सांगू नकोस — तुझं मत आठवड्यात बदलेल, तिचं वर्षभर बदलणार नाही.

घरमालकिणीकडे आता संध्याकाळी जा, पाचनंतर. सामान लागलं की येत्या शुक्रवारी सव्वादहाला देवळाच्या दाराशी भेट. लिंबं मी आणते, तूप तू आण.