उद्योगीकरण : लाभ आणि हानी (पाठ-टाचण)

हेतू : उद्योगवाढीच्या लाभ-हानीचा तोल विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावा.

विवेचन : १९६० नंतरच्या दशकात ठाणे-बेलापूर मार्गालगत कारखाने उभे राहिले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसली. रोजगार वाढला, रस्ते झाले, १९९२ साली वाशीस लोकलगाडी आली. परंतु भातशेती व मिठागरे गेली. खाडीचे पाणी दूषित होऊन कोळ्यांची मासळी घटली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूमिपुत्रांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले.

शिक्षकांस सूचना : फळ्यावर ‘लाभ’ व ‘हानी’ असे दोन रकाने आखावेत आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘कोणास?’ हे लिहून घ्यावे. एकूण बेरीज लाभाची आली, तरी ज्याचे शेत गेले त्याच्या घरची वजाबाकी तिने भरून निघत नाही, हे मुलांच्या ध्यानी यावे. निर्णय आपण सांगू नये. गावातील वडीलधाऱ्यांस विचारून तो मुलांनी शोधावा.