चंद्रावरील मानवी वारसा आणि त्याचे जतन

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भातील अनेक गावांतून आकाशात जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग दिसली. यवतमाळच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. पवनपार परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. हे एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. अशी वस्तू उद्या मारेगाव तालुक्यातील एखाद्या शेतात पडली, तर ती कोणाच्या मालकीची ठरेल?

या प्रश्नाचे उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेले आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अंतराळात पाठविलेल्या वस्तूवर तिची नोंद करणाऱ्या राष्ट्राचा अधिकार कायम राहतो. ती अंतराळात असो वा पृथ्वीवर परत आलेली असो. १९६८ च्या करारान्वये अशी वस्तू मागणी झाल्यास परत करावी लागते, तर १९७२ च्या करारान्वये तिच्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राला द्यावी लागते. भारत या तिन्ही करारांत सहभागी आहे.

वस्तूला धनी, जागेला नाही

चंद्रावरील परिस्थिती मात्र याहून वेगळी आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ मोहिमेतील अंतराळवीर तेथे उतरले. त्यांच्या यानाचा खालचा भाग व काही उपकरणे आजही तेथेच आहेत. या वस्तू अमेरिकेच्या आहेत, याविषयी वाद नाही. परंतु ज्या जमिनीवर त्या उभ्या आहेत, तिच्यावर कोणत्याही राष्ट्राला हक्क सांगता येत नाही. तशी स्पष्ट मनाई १९६७ च्या करारातच आहे. साहजिकच यान सुरक्षित, पण त्याभोवती धुळीत उमटलेली माणसाची पहिली पावले बेवारस, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली आहे.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. त्यामुळे ही पावले दीर्घकाळ टिकू शकतात. त्यांना खरा धोका आहे तो नव्याने येणाऱ्या यानांचा. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ हे यान, १९६७ साली उतरलेल्या सर्व्हेयर-३ या जुन्या यानापासून २०० मीटरांच्या आत उतरले. अंतराळवीरांनी जुन्या यानाचा कॅमेरा पृथ्वीवर आणला, तेव्हा नव्या यानाच्या झोताने उडालेल्या धुळीचा मारा त्यावर बसल्याचे तपासणीत दिसून आले. हवेचा अडथळा नसल्याने तेथे धुळीचा कणही वेगाने दूरवर जातो. एकदा पुसलेले पाऊल पुन्हा उमटविता येत नाही.

झालेले प्रयत्न

२०११ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने काही शिफारशी केल्या. जुन्या स्थळांपासून २ किलोमीटरांच्या आत यान उतरवू नये, तसेच अपोलो-११ च्या स्थळाभोवती ७५ मीटर व अपोलो-१७ च्या स्थळाभोवती २२५ मीटर परिसरात प्रवेश करू नये, असे त्यांत सुचविले आहे. २०२० च्या आर्टेमिस करारनाम्यात अंतराळातील वारसा जपण्याचे कलम आले आणि २१ जून २०२३ रोजी भारताने त्यावर स्वाक्षरी केली. तथापि हा करारनामा कायद्याने बंधनकारक नाही, आणि चीन व रशिया त्यात सहभागी नाहीत.

आता हा प्रश्न केवळ परक्यांच्या वारशाचा राहिलेला नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. त्या स्थळाच्या 'शिवशक्ती' या नावाला मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मान्यता दिली. विक्रम व प्रज्ञान तेथेच आहेत. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट्ट १९७५ मध्ये सोडण्यात आला. १९९२ साली वातावरणात शिरून तो नष्ट झाला. चंद्रावरील ठेवा मात्र राखता येण्याजोगा आहे.

गावपातळीवरील बोध

आपल्याकडे १९५८ च्या कायद्यान्वये, २०१० च्या दुरुस्तीनंतर, केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर क्षेत्रात बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. परंतु हे संरक्षण घोषित स्मारकांनाच मिळते. गावाच्या वेशीवरचा वीरगळ, पडकी गढी किंवा जुनी बारव यांची कोठेही नोंद नसेल, तर त्यांची स्थिती चंद्रावरील पावलांसारखीच असते. कायदा जेथे पोचत नाही, तेथे नोंद आणि शेजाऱ्यांचा संयम हेच संरक्षण होय.

या दृष्टीने ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील जुन्या वास्तू व शिल्पांची छायाचित्रांसह नोंदवही ठेवावी. जमिनीत पुरलेले नाणे वा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. आकाशातून पडलेल्या वस्तूला कोणीही हात लावू नये, कारण तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. ती भंगारात न देता पहारा ठेवून पोलीस व तहसीलदारांना तत्काळ वर्दी द्यावी. शिक्षकांनी चांद्रयानाचा धडा शिकविताना विद्यार्थ्यांकडून गावातील एखाद्या जुन्या वास्तूची मापे घेऊन तिची नोंद करून घ्यावी. ज्या मुलाने वेशीवरच्या वीरगळाची नोंद केली, त्याला चंद्रावरचे पाऊल का जपावे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.